न चाखलेले शेंगोळे

"आज माझा उपास आहे," मोठ्या ताई म्हणाल्या.

आमच्या चुलीपुढं त्या उभ्या होत्या. हौसानं पातेल्यावरचं झाकण काढून बाजूला धरलं होतं. आत हुलग्याचे शेंगोळे होते, पोरींनी सकाळपासून हातावर वळलेले. चुलीच्या मागं माझं पथक एका ओळीत उभं. निळे फ्रॉक, गळ्यात स्कार्फ, तेल लावून चापून घातलेल्या वेण्या. हौसानं वाटीत चार शेंगोळे काढले, वर रस्सा घातला आणि वाटी पुढं केली. घरी पाहुण्याला करतात तशी, दोन्ही हातांनी.

ताईंनी वाटीकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. मग त्यांना उपास आठवला. वाकून त्यांनी नुसता वास घेतला. "वा, सुरेख," म्हणाल्या. हातातल्या कागदावर पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं, पोरींकडं बघून हसल्या आणि पुढं गेल्या.

पुढची चूल पुण्याच्या एका शाळेची. त्यांनी शिरा केला होता, पुरी-भाजी, लसणाची चटणी. ताईंनी शिऱ्याचा घास घेतला. मग दुसरा घेतला. चटणी बोटावर घेऊन चाटली, काहीतरी गमतीचं बोलल्या. त्या चुलीवरच्या पोरी खिदळल्या.

हौसाच्या हातात वाटी तशीच होती.

"बाई," ती मला म्हणाली, "त्यांचा उपास एवढ्यात सुटला का वो?"

मी तिच्या हातातून वाटी घेतली आणि रस्सा पातेल्यात परत ओतला. बाकीच्या पोरी माझ्या तोंडाकडं बघत होत्या. मास्तरीण काय सांगते ते ऐकायला. आणि मास्तरीण तोंडात मिठाची गुळणी धरून उभी.

हे शिबिर तळवड्याच्या शिवारात होतं, इंद्रायणीच्या काठी, आंबराईत. वीरबालांचं शिबिर. मुलांचे बालवीर, मुलींच्या वीरबाला. तंबू स्वतः ठोकायचा, चूल स्वतः मांडायची, आपापल्या पथकानं आपापला स्वयंपाक करायचा. दिघीच्या बाजूनं लष्कराच्या सरावाचे बार ऐकू यायचे, तेव्हा पोरी दचकायच्या आणि मग एकमेकींना हसायच्या. सगळ्या तपासण्या झाल्या की ज्या पथकाचे गुण जास्त, त्याला तिकोनी निशाण. ते वर्षभर शाळेत लावायचं. माझ्या पोरींनी त्या निशाणासाठी भिंतीत खिळा आधीच ठोकून ठेवला होता. काही पोरींची अक्कल लग्नाआधी बारसं करणारी असते, तशी.

मी त्यांची पथकप्रमुख होते. पगाराचं काम नव्हे हे. शाळा सुटल्यावर, रविवारी, हौसेनं करायचं. माझा बाप देहूरोडच्या डेपोत हमाल. आमचं घर महारवाड्यातलं. फायनल पास होऊन मी मास्तरीण झाले तेव्हा वस्तीतली म्हातारी माणसं मला बघायला आली होती. शाळेत मात्र वर्ष-दोन वर्षं सगळे माझ्याशी कामापुरतंच बोलायचे. आणि मग मोठ्या ताई आल्या.

त्या पुण्याच्या. मोठं घर, नवरा वकील, चष्म्याला सोनेरी काडी, खादीची पांढरी साडी. सगळ्या जिल्ह्याचं वीरबालांचं काम त्या बघायच्या. शाळेत येऊन म्हणाल्या, सेवेची आवड असलेली शिक्षिका पाहिजे. बाकीच्या बायका खाली बघायला लागल्या, कोणाला रविवार घालवायचा नव्हता. मी हात वर केला. ताईंनी तिथल्या तिथं माझ्याशी हस्तांदोलन केलं. डाव्या हातानं. आमच्या कामात तशीच रीत असते. डावा हात काळजाजवळचा, असं त्या म्हणाल्या. आमच्याकडं डाव्या हातानं कोणी कोणाला साधं पानसुद्धा देत नाही, म्हणून मी चमकले. पण खरं चमकले ते वेगळ्याच गोष्टीनं. त्यांच्या जातीच्या बाईनं माझा हात आपणहून हातात घ्यायची ती पहिली वेळ. त्या संध्याकाळी घरी जाऊन मी आईला तो हात दाखवला होता.

मी ताईंवर जीव टाकला. खोटं कशाला सांगू. त्यांनी मला प्रशिक्षणाला नेलं. गाठी, खुणा, प्रथमोपचार, गाणी, सगळं मी त्यांच्याकडून शिकले. सभेत त्या मला व्यासपीठावर बोलवायच्या आणि म्हणायच्या, "ह्या आमच्या बाई बघा. कुठून कुठं आल्या." लोक टाळ्या वाजवायचे. मीही हसायचे. लोकांपुढं त्या मला 'तुम्ही' म्हणायच्या आणि एकटीला 'तू'. ती मला माया वाटायची.

प्रशिक्षणात पंगतीला वाढायची पाळी सगळ्यांना असायची. माझी आली की ताई म्हणायच्या, "तुम्ही बसा हो, दिवसभर दमलात." पाणी भरायची पाळी आली की म्हणायच्या, "तुमचा गळा चांगला, तुम्ही गाणं घ्या." मला निशाण धरायला दिलं. शिट्टी दिली. पळी कधी दिली नाही. मी ते लाड समजत होते. नसता लाड कोण करतं, आणि कशासाठी, हा प्रश्न माझ्या डोक्यात शिरला नाही.

त्याच प्रशिक्षणात स्वयंपाकाची तपासणी कशी करायची ते ताईंनीच शिकवलं होतं. प्रत्येक चुलीवरचा घास तोंडात घ्यायचा म्हणजे घ्यायचाच. "न चाखता गुण देणं म्हणजे पेपर न वाचता मुलाला पास करणं," असं त्या म्हणाल्या होत्या. तेव्हा आम्ही सगळ्या हसलो होतो.

आता आमचाच पेपर न वाचता पुढं गेला होता.

तरी मी मनाशी कारणं शोधली. सवयच होती. म्हटलं, लसूण असेल. लसूण त्यांना चालत नसेल. पण चटणी डोळ्यांपुढं चाटलेली. म्हटलं, हुलगे नडत असतील, गरम पडतात. मग तसं म्हणायचं होतं, उपास कशाला काढायचा? माझ्या पथकात गावातल्या शेतकऱ्यांच्या पोरी होत्या, माळ्याची एक, आमच्या वस्तीतल्या तिघी. सगळ्यांनी एकाच परातीतलं पीठ घेऊन शेंगोळे वळले होते. मीही वळले होते. कोणाचा कोणता ते ब्रह्मदेवाला सांगता आलं नसतं. तेच ताईंना नडलं होतं.

पोरींना भुका लागल्या होत्या. पंगत बसली. हौसानं वाढलं. हौसा काळेवाडीच्या शेतकऱ्याची, टोळीची नायिका, आवाज पाटलासारखा. शिबिराच्या पहिल्या दिवशीच तिनं मला सांगून टाकलं होतं, "आई म्हनली, तिकडं सगळ्यांत बसून खा, फकस्त घरी येऊन आजीपुढं बोलू नगस." मला तिच्या आईचं हसू आलं होतं, आणि बरंही वाटलं होतं. त्या बाईनं निदान काय चाललंय ते उघड सांगितलं होतं.

पहिला घास सगळ्यांनी एकदमच घेतला. आणि सगळ्या थांबल्या.

शेंगोळ्यांत मीठ नव्हतं. पिठात नव्हतं, रश्शात नव्हतं. पीठ मळणाऱ्या पोरींना वाटलं, मीठ फोडणीवाल्या घालतील. फोडणीवाल्यांना वाटलं, पिठात पडलंय तेवढं पुरे, वर घातलं तर खारट होईल. दहा घरच्या दहा पोरी एका चुलीवर आल्या की असंच होतं. प्रत्येकीच्या घरची रीत वेगळी आणि प्रत्येकीला आपलीच रीत साऱ्या जगाची वाटते. मीही चाखून बघितलं नव्हतं. तपासणीच्या आधी पातेल्याला तोंड लावायचं नाही, म्हणून.

मग हसायला सुरुवात झाली. पोरी पोट धरून हसल्या. मिठाची पुडी फिरली, जिनं तिनं वरून घेतलं. हसता हसता माळ्याची पोर म्हणाली, "बरं झालं बाई, ताईंनी चाखलं न्हाई. चाखलं असतं तर आपला नंबर खालून पयला आला असता."

सगळ्या पुन्हा हसल्या. मी हातातला घास ताटात परत ठेवला.

विटाळाचा फायदा व्हायची आमच्या पिढ्यांत ही पहिलीच वेळ असावी. माझी पोर खूश होती, का, तर तिचं अन्न कोणी तोंडात घेतलं नाही. बारा वर्षांची पोर. आणि मी काय केलं? मी गप्प बसले. मनात म्हटलं, जाऊ दे. निशाण मिळालं तर पोरींना आनंद होईल. शाळेत मान मिळेल. ताईंशी वाकडं घेऊन माझं काय भलं होणार? अस्पृश्यता कायद्यानं बंद झाली होती, पण कायदा काही चुलीपाशी येऊन घास घेत नाही. एवढं सोसलं, एवढ्यात काय मोठं, असं मी स्वतःला सांगितलं. माझी आई मला हेच सांगत आली होती.

समारोप दुसऱ्या दिवशी सकाळी होता. झेंड्याभोवती सगळी पथकं घोड्याच्या नालासारखी उभी. काही पालक आले होते, आसपासच्या गावची चार माणसं होती, आमचे हेडमास्तर होते. ताईंनी तिसरा नंबर वाचला, दुसरा वाचला. दुसरा त्या शिऱ्यावाल्या पुण्याच्या पथकाचा. मग पहिला.

आमचा.

पोरींनी उड्या मारल्या. हेडमास्तर टाळ्या वाजवायला लागले, तेही पायाच्या टाचा उचलून. मला वाटलं, ठीक आहे. घ्यावं. तंबू आम्ही खरंच चांगला ठोकला होता. गाठी खरंच चांगल्या मारल्या होत्या. ताई निशाण घेऊन पुढं आल्या. तिथंच थांबल्या असत्या तर मी ते निशाण घेऊन घरी गेले असते, आणि आज हे सांगत नसते.

पण त्या बोलल्या.

"ह्या पथकाचं मला विशेष कौतुक वाटतं," ताई म्हणाल्या. "कुठल्या कुठल्या घरांतून आलेल्या ह्या मुली. पण त्यांच्या हातचे शेंगोळे काय सांगू! मीठ-तिखट अगदी बेताचं. आमच्या घरच्या स्वयंपाकिणीला जमणार नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या पथकातून आवाज आला नाही. मी मान वळवून बघितलं. पोरी टकामका एकमेकींकडं बघत होत्या. मग सगळ्यांनी मिळून माझ्याकडं बघितलं. त्या नजरा मी विसरले नाही. त्या मला विचारत होत्या की आता आपण काय करायचं. मोठी माणसं खोटं बोलली की हसून टाळी वाजवायची का? मी जे करीन ते ह्या शिकणार होत्या.

ताईंनी डावा हात पुढं केला. काळजाजवळचा.

मी हात दिला नाही. मला वाटलं होतं तोंडातून शब्द फुटणार नाही. फुटला.

"ताई, शेंगोळ्यांत मीठ नव्हतं."

त्या हसल्या. लोकही हसले. बाई विनोद करतायत असं त्यांना वाटलं.

"मीठ नव्हतं ताई," मी म्हटलं. "घालायचं राहिलं. अळणी होते. तुम्ही चाखले असते तर तुम्हाला कळलं असतं. तुम्ही सगळ्या चुलींवर घास घेतलात, आमच्या चुलीवर उपास धरलात. आम्हाला हा नंबर नको."

झेंड्याच्या दोरीचा खांबावर आपटायचा आवाज येत होता, एवढं सगळं शांत झालं. ताईंचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. निशाण त्यांच्या हातातच होतं. हेडमास्तर घाईघाईनं पुढं आले आणि "बाई, बाई" करायला लागले. मग हौसा ओळीतून बाहेर आली. तिनं ताईंना सलाम केला, शिकवलेला तसा, तीन बोटांचा. "व्हय ताई," म्हणाली. "अळनीच व्हते." आणि परत आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली.

ताईंनी मला तंबूत बोलावलं. तिथं त्या मला 'तू' म्हणाल्या. त्या वेळी ती माया वाटली नाही.

"चार लोकांत तू माझा अपमान केलास," त्या म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. खरं पाणी होतं. "मी स्वतः काही मानत नाही. घरी सासूबाई आहेत, त्यांचं सोवळं आहे. मला त्याच घरात परत जायचं असतं. म्हणून तर मी तुम्हाला पैकीच्या पैकी गुण दिले. आणखी काय करायला हवं होतं मी?"

"एक घास खायला हवा होता," मी म्हटलं.

"तुला मी हाताला धरून वर आणलं."

"हात धरलात, ताई. त्याच हातानं केलेलं तुम्हाला चाललं नाही."

त्यांनी डोळे पुसले आणि मला जायला सांगितलं. मला त्यांची कीव आली. त्याहून जास्त राग आला. त्यांनी मला शिवी दिली असती तर सोपं गेलं असतं. शिवीला उलटून शिवी देता येते. त्यांनी दिला होता पहिला नंबर, आणि तो हसत हसत गळ्यात घालत होत्या.

परतीच्या वाटेवर पोरी रडल्या. सगळ्या काही माझ्या बाजूच्या नव्हत्या. माळ्याची पोर बैलगाडीत माझ्याकडं पाठ करून बसली. "आपलं निशान व्हतं," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती. मी तिला समजवायला गेले नाही. तिचं खरंच होतं. तिचा आनंद मी हिसकावला होता, आणि तो तसाच तिच्या हातात राहू देणं मला जमलं नव्हतं.

घरी आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. मला वाटलं, बोलेल, का गं भांडलीस म्हणून. ती थापत राहिली. तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, "आमी त्यांचं उष्टं खाल्लं. शिळं खाल्लं. पदर पसरून आनलं, आन् तुला घातलं. कदी त्यांना म्हनलो न्हाई, आमाला चालत न्हाई." मग भाकरी चुलीच्या तोंडाशी उभी केली. "आन् तुझं ताजं त्यांना चालंना व्हय?"

माझ्या आईला मी कधी रागावलेलं पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं. तिचा राग बघून मला माझ्या रागाची लाज वाटेनाशी झाली.

सोमवारी हेडमास्तरांनी बोलावलं. माणूस वाईट नव्हता, भित्रा होता. म्हणाले, ताईंकडं जाऊन माफीचे दोन शब्द बोला, पथक तुमच्याकडंच राहील. नाही तर स्कार्फ आणि शिट्टी जमा करा, दुसऱ्या बाई बघतील. मी दोन्ही गोष्टी गळ्यातून काढल्या आणि टेबलावर ठेवल्या. स्कार्फची घडी नीट घातली, शिकवली होती तशी. दुसऱ्या बाईंनी पथक दोन रविवार घेतलं आणि बंद केलं.

मी बंद केलं नाही. त्यानंतरच्या रविवारी आमच्या गावच्या पवनेच्या काठावर मी जाऊन बसले. स्कार्फ नाही, शिट्टी नाही, निशाण नाही. दोर घेतला होता गाठी शिकवायला, पातेलं घेतलं होतं आणि आईनं दळून दिलेलं हुलग्याचं पीठ. वस्तीतल्या तिघी आल्या. गावातल्या बऱ्याचजणींना घरच्यांनी सोडलं नाही. ऊन वर आल्यावर हौसा आली. तिनं परकराच्या गाठीत मीठ बांधून आणलं होतं. चुलीपाशी उकिडवी बसली आणि म्हणाली, "बाई, आज मीठ मी घालनार. कुनी मधी पडायचं न्हाई." माळ्याची पोर आली नाही. पुढंही कधी आली नाही.

त्या दिवशी शेंगोळे वळता वळता मी ठरवलं. पोरींना मोठ्यानं सांगितलं, म्हणजे मला शब्द फिरवता येऊ नये.

इथं कोणीही यावं. पुण्याचं यावं, सरकारचं यावं, सोनेरी काडीचा चष्मा लावून यावं. आमच्या गाठी ओढून बघाव्यात, आमचा तंबू हलवून बघावा. पण चूल तपासायची असेल तर आधी चपला काढून पंगतीत बसायचं. आम्ही वाढू ते खायचं, आमच्याच हातचं पाणी प्यायचं, आणि मग बोलायचं. अळणी असेल तर अळणी म्हणावं. वाईट असेल तर शून्य द्यावं. खाऊन दिलेलं शून्य मी दोन्ही हातांनी घेईन आणि भिंतीवर लावीन, खिळा आहेच. न खाता कोणी पहिला नंबर घेऊन आलं, तर त्याला ह्या काठावरून उठवून लावणार. तो कितीही गोड बोलला तरी. त्यानं मला हाताला धरून वर आणलेलं असलं तरी.